शब्दचर्चा : संमिलन, संमीलन, संलयन, विलयन – ताऱ्याच्या गाभ्यातल्या क्रियेला नेमकं काय म्हणायचं?

खानापूर (मराठी माध्यम, विज्ञान शिक्षिका)

नववी-दहावीच्या मुलांसाठी ताऱ्यांच्या ऊर्जेवर टिपण करते आहे. ताऱ्यात हलकी केंद्रकं जोडली जाण्याच्या एकाच क्रियेला (इंग्रजीत 'फ्यूजन') मराठी छापील मजकुरात चार शब्द सापडतात : संमीलन, संमिलन, संलयन, विलयन. मुलं पुढे पी.यू.सी.ला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) गेली की कन्नड मित्रांच्या वहीत 'सम्मिळन' वाचतात आणि हिंदी पुस्तक उघडलं की पुन्हा 'संलयन'. यातला कोणता ठेवावा आणि कशासाठी?

दुसरी शंका या वाक्याची : "सूर्यात हायड्रोजनचे अणू जळून हेलियमचे रेणू तयार होतात व ऊर्जा बाहेर पडते." दहापैकी आठ उत्तरपत्रिकांत हे असंच असतं. मार्क द्यावेत का?

निपाणी (भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक)

बाई, आधी वाक्य धरू. क्रिया नीट कळली की शब्द निवडणं सोपं जातं. या वाक्यात तीन चुका आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या आहेत.

'रेणू' सरळ चूक आहे. हेलियम हा निष्क्रिय वायू, त्याचे अणू सुटे राहतात. खोलीच्या तापमानालाही ते जोडीने राहत नाहीत, मग सूर्यात कुठून राहणार?

'अणू' ही अर्धी चूक. सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे १.५ कोटी केल्व्हिन आहे. तिथे इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ टिकत नाहीत. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन गेला की उरतो एकटा प्रोटॉन. म्हणजे एकमेकांवर आदळतात ती केंद्रकं, अख्खे अणू नव्हेत. म्हणून या क्रियेच्या नावात 'केंद्रकीय' हा शब्द हवाच.

'जळून' ही सगळ्यात महागात पडणारी चूक, तिच्यावर पुढे येतो. त्याआधी घडतं काय ते टप्प्याने पाहा.

पहिला टप्पा : दोन प्रोटॉन जवळ येतात. दोघांवरही धन प्रभार, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. दीड कोटी केल्व्हिनलाही तो अडसर ओलांडण्याइतकी ऊर्जा त्यांच्याकडे नसते. पुंज यांत्रिकीच्या नियमाने क्वचित एखादी जोडी अडसराच्या आरपार जाते. तेवढ्यावर भागत नाही. भेटीच्या त्या अत्यल्प क्षणात दोघांतल्या एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो आणि हे काम दुर्बल बलाकडे (निसर्गातल्या चार मूलभूत बलांपैकी एक) आहे. त्यामुळे एखाद्या प्रोटॉनला आपली पाळी यायला सरासरी ९ ते १० अब्ज वर्षे लागतात. जमलं तर ड्यूटेरियमचं (जड हायड्रोजनचं) केंद्रक बनतं : एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन. एक पॉझिट्रॉन (धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन) आणि एक न्यूट्रिनो (प्रभार नसलेला अतिशय हलका कण) बाहेर पडतो.

दुसरा टप्पा काही सेकंदांचा : ड्यूटेरियमवर आणखी एक प्रोटॉन आदळतो, हेलियम-३ (दोन प्रोटॉन, एक न्यूट्रॉन) बनतो, गॅमा किरण निघतो.

तिसरा टप्पा : दोन हेलियम-३ एकत्र येतात, एक हेलियम-४ बनतो आणि दोन प्रोटॉन परत मोकळे होतात. सूर्यात बहुतांश हेलियम या वाटेने होतो.

आता हिशोब. हायड्रोजनच्या चार अणूंचं वस्तुमान ४.०३१३ अणुवस्तुमान एकक, हेलियमच्या एका अणूचं ४.००२६. फरक ०.०२८७, म्हणजे सुमारे ०.७ टक्के. तेवढ्या वस्तुमानाची ऊर्जा होते : दर हेलियममागे २६.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सूर्य सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन वापरतो आणि त्यातलं ४२ लाख टनांच्या आसपास वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने निघून जातं.

वाक्य असं करा : "सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची चार केंद्रके टप्प्याटप्प्याने एकत्र येऊन हेलियमचे एक केंद्रक तयार होते, कमी झालेल्या वस्तुमानाइतकी ऊर्जा बाहेर पडते." मुलांच्या उत्तराला माझ्या मते अर्धे मार्क. घटक आणि फलित त्यांना माहीत आहे, क्रिया माहीत नाही.

शहापूर, बेळगाव (कन्नड–मराठी अनुवादक)

शब्दाकडे वळते. संमिलन आणि संमीलन हे एकाच शब्दाचे दोन लेखनप्रकार समजले जातात, पण ते दोन वेगळे शब्द आहेत.

ऱ्हस्व 'मि' असेल तर धातू मिल् : भेटणे, एकत्र येणे. मिलन, मेळ, संमेलन ही सगळी त्याच घरातली. दीर्घ 'मी' असेल तर धातू मील् : मिटणे. निमीलन, उन्मीलन हे त्यातले. कुठल्याही पंचांगात खग्रास ग्रहणाच्या वेळा बघा : स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. बिंब पूर्ण झाकलं जातं तो क्षण संमीलन, आणि पुन्हा उघडू लागतं तो उन्मीलन. म्हणजे 'संमीलन' हा खगोलातच वापरात असलेला शब्द आहे आणि त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. एकाच टिपणात ग्रहणही असेल आणि सूर्याची ऊर्जाही, तर घोळ ठरलेला. केंद्रकांसाठी ऱ्हस्व 'मि'च हवा. कन्नडमधला 'सम्मिळन'सुद्धा मिलनाचाच, तिथेही 'मि' ऱ्हस्वच आहे. आपल्या भागातल्या मुलाला हा एक शब्द दोन्हीकडे चालतो, ही मोठी सोय आहे.

संलयन आणि विलयन यांत 'ली' धातू आहे : विरून जाणे, लय पावणे. हिंदीत 'विलयन' म्हणजे द्रावण, मीठ-पाण्याचं असतं ते. ते पाणी आटवलं की मीठ परत हाती येतं, कारण आत नवं काही बनलेलंच नसतं. चार प्रोटॉनांचा हेलियम झाला की असं परत फिरता येत नाही. त्यामुळे विलयन मी बाद धरते. संलयन चुकीचा नाही, फक्त हिंदीच्या पुस्तकातला आहे. मुलांना तो ओळखता यावा, लिहिताना संमिलन लिहावं.

मात्र बाई, तुमच्या मुलांचा खरा घात दुसऱ्याच शब्दात होतो : 'अणू'.

मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सगळ्यात लहान कण आणि अनेक अणू मिळून रेणू. कन्नड विज्ञानात 'परमाणु' हा तो लहान कण, आणि 'अणु' म्हणजे आपला रेणू! हिंदीतही तसंच. त्यामुळे दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा कन्नड मजकुरात "नीरिन अणु" वाचतो आणि पाण्याचा अणू असतो असं समजून बसतो. अर्थ असतो पाण्याचा रेणू. गंमत अशी की कन्नड वर्तमानपत्रं 'अणु बाँब', 'अणु विद्युत् स्थावर' असंच लिहितात, तिथे अणु म्हणजे पुन्हा परमाणूच. म्हणजे शाळेची कन्नड आणि पेपरची कन्नड यांतही फरक आहे.

टिपणाच्या पहिल्या पानावर एवढं तरी द्या : मराठी अणू = कन्नड-हिंदी परमाणु; मराठी रेणू = कन्नड-हिंदी अणु. केंद्रक = हिंदी नाभिक. कन्नडमध्ये केंद्रकीय या अर्थी 'बैजिक' असं विशेषण येतं, बीजावरून. 'बैजिक सम्मिळन' वाचून बीजगणिताशी संबंध लावू नये.

आणि 'स्थावर'! कन्नडमध्ये स्थावर म्हणजे प्रकल्प, केंद्र. मराठीत स्थावर म्हटलं की घर-जमीन. 'कैगा अणु स्थावर' (कारवारकडचं अणुवीज केंद्र) याचं भाषांतर 'कैगाची स्थावर मालमत्ता' असं होता कामा नये.

उद्यमबाग, बेळगाव (फाउंड्री, धातुतज्ज्ञ)

'फ्यूजन' हा शब्द शब्दकोशात बघितला तर पहिला अर्थ वितळणे असा मिळतो. आमच्याकडे तो रोज त्याच अर्थाने चालतो. वेल्डिंगच्या तपासणीत 'लॅक ऑफ फ्यूजन' असा शेरा आला तर कड नीट वितळली नाही, जोड वरवरचा बसला, असं समजायचं. शाळेतही बर्फ वितळण्याचा अप्रकट उष्मा शिकवताना इंग्रजीत हाच शब्द येतो. म्हणून मुलं "ताऱ्यात हायड्रोजन वितळतो" असं लिहितात.

ओतीव लोखंड साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या आत वितळतं, साच्यात ओतताना ते १४०० च्या आसपास ठेवतो. एवढ्या उष्णतेने काय होतं? अणू एकमेकांना धरून असतात ती पकड सैल होते, बस्स. प्रत्येक केंद्रकातले २६ प्रोटॉन होते तसे राहतात. थंड झालं की पुन्हा तेच लोखंड. ओतकामात बिघाड होतात ते वेगळे : धातू गार पडला तर दोन प्रवाह मिळत नाहीत आणि 'कोल्ड शट'ची रेघ राहते, वायू अडकला तर भोकं पडतात. त्यातलं काहीही केंद्रकापर्यंत पोचत नाही. तेव्हा वितळणे आणि संमिलन हे वेगळे ठेवाच.

माझा उलट प्रश्न : मग 'अणुभट्टी' हा शब्द कसा चालतो? भट्टी म्हटली की कोळसा, हवा, ज्वाळा आलीच.

निपाणी

अणुभट्टी चालू द्यावा. तो मराठीत रुळला आहे, लहान मुलालाही कळतो, आणि भट्टी हा उष्णतेचा स्रोत असतो एवढं तरी त्यातून बरोबर पोचतं. फक्त खाली एक ओळ हवी : यात आग नाही, ऑक्सिजन लागत नाही.

आपल्या सगळ्यांत जवळचं उदाहरण कारवारकडचं कैगा. काळी नदीवरच्या कद्रा जलाशयाशेजारी २२० मेगावॅटचे चार संच आहेत. इंधन नैसर्गिक युरेनियमचं, त्यात युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के. न्यूट्रॉनचा वेग कमी करायला जड पाणी, म्हणजे ड्यूटेरियमचं पाणी. साधं पाणी न्यूट्रॉन गिळतं, त्यामुळे एवढ्या कमी युरेनियम-२३५ वर विखंडनाची (जड केंद्रक फुटण्याची) साखळी टिकत नाही. जड पाणी कमी गिळतं म्हणून टिकते. तिथल्या पहिल्या संचाने २०१८ च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस चालण्याचा विक्रम केला होता.

यातला खरा धोक्याचा शब्द 'क्रिटिकल'. 'अणुभट्टी क्रिटिकल झाली' ही बातमी वाचून दवाखान्यातला 'पेशंट क्रिटिकल' आठवतो आणि लोक घाबरतात. मराठीत 'क्रांतिक' लिहावं आणि अर्थ सांगावा. एका विखंडनातून सरासरी २.४ न्यूट्रॉन निघतात. काही युरेनियम-२३८ मध्ये, नळ्यांत, नियंत्रक दांड्यांत शोषले जातात, काही निसटतात. सरासरी बरोबर एक न्यूट्रॉन पुढचं विखंडन घडवत राहिला की भट्टी क्रांतिक, म्हणजे ठीक चाललेली. एकापेक्षा कमी झालं तर ती विझत जाते, जास्त झालं तर शक्ती वाढत जाते. काबूत ठेवणं जमतं ते उशिरा निघणाऱ्या न्यूट्रॉनांमुळे. युरेनियम-२३५ मध्ये ते एक टक्क्याहूनही कमी असतात, पण त्यांना काही सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात दांड्या हलवता येतात.

आता राहिलेलं 'जळणं'. एक किलो हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जाळला तर सुमारे १४ कोटी जूल उष्णता मिळते. त्याच एका किलोचं हेलियममध्ये संमिलन झालं तर ६४ वर १३ शून्यं एवढे जूल. सुमारे ४५ लाख पट. सूर्य दगडी कोळशाचा असता आणि हवेची कमतरता नसती, तरी आजच्या तेजाने पाच हजार वर्षांच्या आसपास संपला असता. त्याचं वय आहे ४६० कोटी वर्षे. एवढे दोन आकडे शेजारी मांडले की 'जळून' का नको ते मुलांना न सांगता कळतं.

आणि तरीही ही क्रिया अतिशय संथ आहे. सूर्याच्या अगदी मध्यात दर घनमीटरला पावणेतीनशे वॅटच्या आसपास ऊर्जा तयार होते. तापलेल्या कंपोस्टच्या ढिगाशी तिची बरोबरी करतात. सूर्य तेजस्वी आहे तो आकाराने. 'प्रत्येक क्षणी लाखो हायड्रोजन बॉम्ब फुटतात' हे वाक्य टिपणात घालू नका. स्फोटाचं चित्र इथे पूर्ण चुकीचं आहे. गाभा जरा जास्त तापला तर तो प्रसरण पावतो, पसरल्याने थंड होतो आणि क्रिया मंदावते.

चिकोडी (पी.यू. कॉलेज, व्याख्याता)

विखंडनाबद्दल लिहितो. १९३८ च्या अखेरीस ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन यांना युरेनियमवर न्यूट्रॉन सोडल्यावर बेरियम सापडलं. लिझ माइटनर आणि ऑटो फ्रिश यांनी त्याचा उलगडा केला आणि फ्रिश यांनी जीवशास्त्रातल्या पेशी दुभंगण्यावरून या क्रियेला इंग्रजी नाव दिलं. म्हणजे मूळ कल्पना दोन भाग होण्याची. त्या दृष्टीने कन्नडचा 'विदळन' फार नेमका आहे : दल म्हणजे पाकळी, डाळिंबीचा अर्धा भाग, द्विदल धान्य, डाळ, सगळं त्यातलंच. 'विखंडन'मध्ये तुकडे किती ते कळत नाही. पण मराठी पुस्तकांत विखंडन पक्कं बसलं आहे, ते हलवू नये. टीप द्यावी की तुकडे बहुधा दोन आणि बहुधा असमान : एकाचा वस्तुमानांक (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) ९५ च्या जवळपास, दुसऱ्याचा १४० च्या. बेरियम-१४१ आणि क्रिप्टॉन-९२ ही जोडी नेहमी दिली जाते, सोबत तीन न्यूट्रॉन. बेरीज करून दाखवा : १४१ + ९२ + ३ = २३६, म्हणजे युरेनियम-२३५ आणि आत शिरलेला एक न्यूट्रॉन.

विश्वाच्या सुरुवातीसाठीच्या 'महास्फोट' (इंग्रजीत 'बिग बँग') या शब्दाचं काय करायचं? मुलं विचारतात, स्फोट झाला तो कुठे झाला?

शहापूर

कन्नडमध्येही 'महास्फोट'च आहे, मराठीत 'महाविस्फोट'ही लिहितात. बदलायच्या भानगडीत पडू नये.

निपाणी

शब्द ठेवा, पण 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर त्याच परिच्छेदात द्या. इंग्रजी नाव ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९४९ साली बीबीसी रेडिओवर वापरलं आणि त्यांना स्वतःला हा सिद्धांत मान्य नव्हता. त्यांच्याबरोबर काम केलेले जयंत नारळीकर कोल्हापूरचा जन्म, म्हणजे आपल्या शेजारचेच. नाव विरोधकाने ठेवलेलं, त्यामुळे त्यात वर्णनाचा काटेकोरपणा शोधू नये. आधीच असलेल्या मोकळ्या जागेत काही फुटलं असा त्याचा अर्थ नाही. अवकाशच सगळीकडे एकदम प्रसरण पावू लागलं. म्हणून केंद्र दाखवता येत नाही.

शिकवताना इथे एक दुवा हमखास सुटतो. विश्वातला बराचसा हेलियम ताऱ्यांत बनलेलाच नाही. पहिल्या काही मिनिटांतच वस्तुमानाने सुमारे तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग हेलियम असं प्रमाण ठरून गेलं. पुढची मूलद्रव्यं तेव्हाच का बनली नाहीत? पाच आणि आठ वस्तुमानांकाचं एकही केंद्रक टिकत नाही म्हणून. हेलियमवर प्रोटॉन चिकटवला तर पाच, दोन हेलियम जोडले तर आठ, दोन्ही लगेच फुटतात. तोवर विश्व पातळ आणि थंड होत गेलं.

ही अडचण ताऱ्यात सुटते. गाभा १० कोटी केल्व्हिनपर्यंत तापला आणि दाट झाला की आठचं केंद्रक फुटायच्या आत तिसरा हेलियम येऊन आदळतो आणि कार्बन-१२ बनतो. कार्बनच्या केंद्रकाला एका ठरावीक ऊर्जेची अवस्था असल्याशिवाय हे पुरेशा वेगाने होणार नाही, असं हॉइल यांनी आधी सांगितलं. प्रयोगात ती ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टला सापडली.

उद्यमबाग

आणि ताऱ्यातलं संमिलन लोखंडाला येऊन थांबतं ते का?

निपाणी

लोखंड-निकेलच्या आसपास केंद्रकातले कण सर्वांत घट्ट बांधलेले असतात. तिथवर जोडत गेलं की ऊर्जा मिळते. त्यापुढे जोडायला बाहेरून ऊर्जा घालावी लागते. म्हणूनच दोन टोकांच्या दोन क्रिया फायद्याच्या : हलक्यांचं संमिलन, जडांचं विखंडन.

सूर्याच्या २५ पट वस्तुमानाच्या ताऱ्यात वेळेचं प्रमाण पाहा : हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षे पुरतो, हेलियम ७ लाख, कार्बन ६००, ऑक्सिजन काही महिने, सिलिकॉन सुमारे एक दिवस. शेवटी बनतो तो मुख्यतः निकेल-५६. तो काही दिवसांत कोबाल्ट-५६ होतो आणि कोबाल्टचं पुढे काही महिन्यांत लोखंड-५६. खगोलशास्त्रज्ञ या टप्प्यांना स्वतःच 'सिलिकॉन ज्वलन' वगैरे म्हणतात. तेव्हा 'ज्वलन' सरसकट हद्दपार करता येणार नाही. 'केंद्रकीय ज्वलन' असं पूर्ण लिहावं.

चिकोडी

आकड्यांची एक सूचना. विश्वाचं वय मराठीत १३.८ अब्ज लिहितात, हिंदीत १३.८ अरब, कन्नडमध्ये शतकोटी हा शब्द येतो. तिन्ही म्हणजे शंभर कोटीच. मुलांना '१३८० कोटी वर्षे' लिहू द्या, कुठेच अडत नाही. दशलक्ष आणि लाख यांची मात्र अदलाबदल होते आणि उत्तर दहापट चुकतं.

खानापूर

खूप उपयोग झाला. एक शेवटचं विचारते : कन्नड वर्गमित्र ताऱ्याला 'नक्षत्र' म्हणतात. आमच्या मुलांना नक्षत्र म्हटलं की रोहिणी, मृग, आर्द्रा, म्हणजे पावसाचीच आठवतात. 'सूर्य हे एक नक्षत्र आहे' असं वाक्य एका मुलाने लिहिलं.

शहापूर

कन्नडमध्ये ते वाक्य बरोबर आहे, 'सूर्य ओंदु नक्षत्र'. तिथे नक्षत्र म्हणजे कोणताही तारा आणि सत्तावीस नक्षत्रंही. मराठीत ताऱ्याला तारा, आणि नक्षत्र हे सत्तावीसांपुरतं. मुलाने कन्नड वाक्य मराठीत उतरवलं आहे, विज्ञान त्याला समजलेलं आहे.

निपाणी

रोहिणीचंच उदाहरण द्या, दोन्ही अर्थ त्यात आहेत. तुमच्याकडे भाताची धूळवाफ पेरणी रोहिणीवर होते, तेव्हा सूर्य रोहिणी नक्षत्रात असतो, म्हणून तो तारा त्या दिवसांत दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमाराला दाखवा : मृगातले ओळीतले तीन तारे घ्या आणि ती रेघ वायव्येकडे वाढवा, नारिंगी तारा लागतो तोच रोहिणी. अंतर सुमारे ६५ प्रकाशवर्षे, व्यास सूर्याच्या चाळीस पटींहून जास्त. त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला आहे, संमिलन आता गाभ्याभोवतीच्या कवचात चालू आहे. त्यामुळे तारा फुगला आहे आणि पृष्ठभाग थंड होऊन रंग नारिंगी दिसतो.